लिनक्सवर यायचंय? आधी प्रोग्राम बदला, मग सिस्टीम

विंडोज १० चे नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि तेव्हापासून एकच प्रश्न सारखा कानावर येतोय, की माझा लॅपटॉप तर छान चालतोय पण विंडोज ११ त्याच्यावर चढतच नाही, टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) नाही म्हणतं, प्रोसेसर जुना आहे म्हणतं, मग आता काय मशीन टाकून द्यायचं का? अजिबात नाही. त्याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका आणि पुढची कितीतरी वर्षं निवांत वापरा.

ज्यांनी आजवर लिनक्सला हातही लावलेला नाही त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय, त्यामुळे माहिती असणाऱ्यांना बऱ्याच गोष्टी बाळबोध वाटतील, चालेल. माझा मुख्य मुद्दा क्रमाचा आहे. बहुतेक जण आधी सिस्टीम बदलतात, मग स्क्रीनवर ओळखीचा एकही प्रोग्राम दिसत नाही म्हणून भांबावतात आणि आठवडाभरात परत विंडोज टाकतात. हे उलटं करा. आधी विंडोजवर असतानाच प्रोग्राम बदला, मग लिनक्स नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आणि इन्स्टॉल सगळ्यात शेवटी.

हे नेमकं आहे काय

कॉम्प्युटर चालू केल्यावर कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क, वायफाय या सगळ्यांकडून काम करून घेणारा जो मूळ प्रोग्राम असतो ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या मालकीची आहे, तिच्या आत काय लिहिलंय ते आपल्याला बघता येत नाही. ओपन सोर्स सिस्टीमचा कोड मात्र उघडा असतो, कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा.

याची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरनी केली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि पुढे वापरणाऱ्याचे चार हक्क मांडले: प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवता आला पाहिजे, तो कसा चालतो ते बघून बदलता आला पाहिजे, त्याच्या प्रती वाटता आल्या पाहिजेत, आणि बदललेल्या प्रतीसुद्धा वाटता आल्या पाहिजेत. हे हक्क टिकावेत म्हणून जीपीएल नावाचं लायसन्स लिहिलं गेलं, त्यात अट अशी की तुम्ही हा कोड घेऊन बदललात आणि पुढे वाटलात तर तुमचा कोडही उघडा ठेवायचा. १९९० च्या आसपास ग्नूकडे बाकी बरंच तयार होतं, फक्त मधला गाभा म्हणजे कर्नल नव्हता. तो आला फिनलंडमधून. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्स नावाची छोटी सिस्टीम वापरणाऱ्या लोकांना कळवलं की मी छंद म्हणून एक मोफत सिस्टीम लिहितोय, तुम्हाला त्यात काय हवं ते सांगा. त्याचा कर्नल म्हणजेच लिनक्स. पुढच्या वर्षी त्यांनी तो जीपीएलखाली दिला आणि जगभरातले लोक त्यात भर घालायला लागले. आज जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक मशीन लिनक्सवर चालतंय, आणि तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या आतही लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताच, फक्त डेस्कटॉपवर अजून आलेला नाहीत.

लिनक्सशिवायही उघड्या सिस्टीम आहेत, फ्रीबीएसडी आहे, जुने डॉसचे प्रोग्राम चालवायला फ्रीडॉस आहे, हायकू आहे. छान आहेत, पण नवख्या माणसाने पहिल्यांदा त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, हार्डवेअर चालण्याची खात्री लिनक्सइतकी नसते.

कुठलं लिनक्स घ्यायचं

इथेच लोक महिना घालवतात. नुसता कर्नल घेऊन काही करता येत नाही, त्याच्याबरोबर ग्नूची साधनं, डेस्कटॉप, ब्राउझर, सेटिंग असं सगळं बांधून कोणीतरी द्यावं लागतं, त्या तयार गठ्ठ्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चं, त्यावरून उबुंटू निघालं ऑक्टोबर २००४ मध्ये, आणि उबुंटूवरून लिनक्स मिंट २००६ मध्ये. शिवाय फेडोरा, आर्च, ओपनसूसे, शेकडो आहेत.

विंडोजवरून येत असाल तर लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन एडिशन. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वायफाय, म्हणजे डोळ्यांना जे सवयीचं आहे तेच. प्रत्येक मुख्य व्हर्जनला ५ वर्षं अपडेट मिळतात त्यामुळे दर सहा महिन्यांनी काही नवीन टाकायची कटकट नाही. २ जीबी रॅमवर चालतं असं मिंटवाले सांगतात पण ब्राउझर उघडायचा असेल तर ४ जीबी तरी हवीच, आणि ८ असेल तर काळजीच नको. ४ जीबीचं जुनं मशीन असेल तर मिंटचीच एक्सएफसीई एडिशन घ्या, दिसायला साधी पण हलकी आहे.

तुम्हाला नवीन धाटणीचा डेस्कटॉप आवडत असेल, फोनसारखा, तर उबुंटू. बाकी तुलनेचे व्हिडिओ बघत बसू नका, आत सगळ्यांचा कर्नल एकच आहे आणि नंतर बदलता येतं. आर्च तेवढं सुरुवातीला नको, तिथे सगळं आपल्या हाताने उभं करावं लागतं, शिकायला उत्तम आहे पण उद्या सकाळी काम करायचं असलेल्या माणसासाठी नाही.

पायरी पहिली: विंडोजवरच प्रोग्राम बदला

एक कागद घ्या आणि तुम्ही कॉम्प्युटरवर रोज काय काय उघडता ते लिहून काढा. प्रोग्रामचं नाव लिहा आणि पुढे काम लिहा, म्हणजे "वर्ड, पत्रं लिहायला", "फोटोशॉप, फोटो कापायला आणि साइज कमी करायला". आता प्रत्येक कामासमोर पर्याय शोधा. वर्ड आणि एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, ब्राउझर फायरफॉक्स, व्हिडिओला व्हीएलसी, फोटोला गिंप, चित्र काढायला क्रिटा, लोगो वगैरेला इंकस्केप, मेलला थंडरबर्ड, आवाज रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी. हे सगळे विंडोजवरही चालतात आणि हीच खरी सोय आहे! आजच इन्स्टॉल करा आणि महिनाभर रोजचं काम त्यातच करा. लिब्रेऑफिसमध्ये तुमची जुनी वर्डची फाइल उघडल्यावर टेबल सरकतंय का, फॉन्ट बदलतोय का, मॅक्रो चालतोय का ते याच काळात कळेल आणि अडलं तर वर्ड अजून शेजारी आहेच.

महिन्याने कागद परत बघा. ज्या नावापुढे पर्याय सापडला नाही ती तुमची खरी अडचण. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉपवाली आवृत्ती आणि अॅडोबीचे प्रोग्राम लिनक्ससाठी निघत नाहीत, ब्राउझरमधलं ऑफिस चालतं. वाइन नावाचं साधन आहे ज्यावर विंडोजचे बरेच प्रोग्राम चालतात, पण प्रत्येक चालेलच असं नाही, त्यामुळे पोटापाण्याचं काम वाइनच्या भरवशावर ठेवू नका. गेम खेळणाऱ्यांचं बरं झालंय, स्टीमने २०१८ मध्ये प्रोटॉन आणल्यापासून विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालतात, फक्त काही ऑनलाइन गेमची चीटिंग पकडणारी यंत्रणा लिनक्सला आत घेत नाही, तुमचा गेम त्यातला आहे का ते आधी बघून घ्या.

एखादा प्रोग्राम अडतच असेल तर विंडोज ठेवा आणि शेजारी लिनक्स टाका, दोन्ही एका मशीनवर राहतात. त्यात कमीपणा काहीच नाही.

पायरी दुसरी: पेनड्राइव्ह तयार करा

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एकाच फाइलमध्ये) डाउनलोड करा, साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा.

फाइल उतरल्यावर एक काम बहुतेक जण टाळतात ते टाळू नका, फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का ते तपासा. डाउनलोडच्या पानावर शा-२५६ चा आकडा दिलेला असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून ६४ चिन्हांची लांब ओळ. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, सर्टयुटिल, स्पेस, मग डॅश लावून हॅशफाइल, स्पेस, फाइलचं नाव, स्पेस, आणि शेवटी शा-२५६ डॅश न देता लिहा, सगळं रोमन अक्षरांत. मिनिटभरात तशीच एक ओळ येईल. दोन्ही ओळी जुळल्या तर पुढे जा, एक अक्षर जरी वेगळं असेल तरी फाइल परत उतरवा. अर्धवट उतरलेल्या फाइलवरून इन्स्टॉल केलं की मध्येच कुठेतरी विचित्र एरर येते आणि माणूस लिनक्सला नावं ठेवतो.

मग रुफस किंवा बलेना एचर हा प्रोग्राम घ्या, आयएसओ निवडा, पेनड्राइव्ह निवडा, स्टार्ट. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर टाकली तर मशीन त्यावरून चालू होत नाही. आणि पेनड्राइव्ह निवडताना साइज बघून निवडा, बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा.

पायरी तिसरी: इन्स्टॉल न करता चालवून बघा

पेनड्राइव्ह लावून मशीन रीस्टार्ट करा आणि कंपनीचा लोगो दिसता दिसता एफ १२ किंवा एफ २ किंवा एस्केप किंवा डिलीट सारखं दाबत राहा, प्रत्येक कंपनीची की वेगळी असते. बूट मेनू आला की पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात अख्खा डेस्कटॉप समोर येतो आणि तुमच्या डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलं गेलेलं नसतं. याला लाइव्ह सेशन म्हणतात. सगळं रॅममध्ये आणि पेनड्राइव्हवर चालतं, बंद केलं की केलेले बदल गेले आणि विंडोज जसंच्या तसं.

एक लक्षात घ्या, पेनड्राइव्हवरून चालवताना स्पीड कमी वाटतो, त्यावरून लिनक्स स्लो आहे असं ठरवू नका, डिस्कवर टाकल्यावर बराच फरक पडतो.

इथे घाई करू नका, तासभर बसा. वायफाय जोडा आणि एखादा व्हिडिओ लावा म्हणजे आवाजही कळेल, कॅमेरा आणि माइक बघा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होतंय का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, ब्लूटूथचा हेडफोन जोडला जातो का, प्रिंटर असेल तर एक पान काढून बघा. आणि लॅपटॉपचं झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडा, झोपलेलं मशीन नीट जागं होतं का ते बघा, ही गोष्ट कोणी तपासत नाही आणि रोज नेमकी हीच लागते.

वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. काही चिपचे, ब्रॉडकॉमचे विशेष करून, ड्रायव्हर म्हणजे ती चिप चालवणारे छोटे प्रोग्राम नंतर टाकावे लागतात. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून उरलेलं काम होतं.

पायरी चौथी: बॅकअप, आणि विंडोजची तीन कामं

बॅकअप म्हणजे दुसऱ्या डिस्कवर घेतलेली प्रत. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवली तर ती प्रत नव्हे, पार्टिशनमध्ये म्हणजे डिस्कच्या भागांमध्ये गडबड झाली तर दोन्ही जातात. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरचे बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड, सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइली तिथून उघडून बघा.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर त्यात आधी तीन गोष्टी करायच्या. एक, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या फाइलींना लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा, नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा ते आपल्याला न कळत चालू असतं. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टीम चालू होऊ न देणाऱ्या सोयीला) हात लावलात की विंडोज पुढच्या वेळी तीच की मागतं आणि ती नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला मिळत नाहीत. की घेतल्यावर एन्क्रिप्शन बंद करा. दोन, पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. तीन, डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम करा आणि जागा मोकळी करून ठेवा. मिंटला किमान २० जीबी लागते पण १०० जीबी दिली तर पुढे बघावं लागत नाही. त्या मोकळ्या जागेत नवीन ड्राइव्ह बनवायचा नाही, तशीच रिकामी सोडायची.

पायरी पाचवी: इन्स्टॉल

लाइव्ह डेस्कटॉपवर इन्स्टॉल लिनक्स मिंट असा आयकॉन असतो. भाषा, कीबोर्ड, मल्टिमीडिया कोडेक, यातलं काही अवघड नाही. कोडेकच्या चौकटीत टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत.

मग येते ती स्क्रीन जिच्यावर खरोखर थांबून वाचायचंय, इन्स्टॉलेशन टाइप. विंडोज सापडलं असेल तर पहिला पर्याय असतो विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करण्याचा, दुसरा इरेज डिस्क म्हणजे सगळं पुसून टाकण्याचा, आणि शेवटचा समथिंग एल्स, त्यात पार्टिशन आपण आपल्या हाताने करतो. विंडोज ठेवायचंय तर पहिला. जुनं मशीन पूर्ण लिनक्सला द्यायचंय आणि बॅकअप झालाय तर दुसरा, सगळ्यात सोपा. समथिंग एल्सला सध्या हात लावू नका.

इन्स्टॉल नाऊ दाबल्यावर एक छोटी विंडो येते, अमुक डिस्कवर अमुक पार्टिशन बनवणार, अमुक फॉरमॅट करणार, अशी यादी असलेली. एकदा पुढे गेलात की परत फिरता येत नाही, म्हणून ही यादी शांतपणे वाचा. एसडीए किंवा एनव्हीएमई असं डिस्कचं नाव असतं. एकाच मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर कोणती कोणाची ते साइजवरून पडताळून बघा. जराही शंका आली तर गो बॅक दाबा, तोपर्यंत डिस्क जशीच्या तशी असते.

विंडोज सापडलंच नाही किंवा डिस्कच दिसत नाही असं झालं तर बहुतेक वेळा बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी मोडवर असतं. ते थेट बदललंत तर विंडोज चालू व्हायचं थांबू शकतं, त्यामुळे इथे थांबा, तुमच्या मॉडेलचं नाव घालून आधी शोधा, मगच बदला.

नाव, युजरनेम, पासवर्ड द्या. पासवर्ड लक्षात राहील असा द्या, तो रोज लागणार आहे. एसएसडी असेल तर पाव तासाच्या आसपास काम होतं. रीस्टार्ट, सांगेल तेव्हा पेनड्राइव्ह काढा. दोन्ही सिस्टीम असतील तर चालू होताना ग्रब नावाचा मेनू येतो, हवी ती निवडायची.

पहिल्या दिवशी करायची कामं

सगळ्यात आधी अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या. मग ड्रायव्हर मॅनेजर, एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर तिथे रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर निवडा. मग टाइमशिफ्ट. हे सिस्टीमचे स्नॅपशॉट घेतं, म्हणजे उद्या काहीतरी टाकलं आणि सिस्टीम बिघडली तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं. आठवड्याला एक असं सेट करा. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइली जपतं, तुमचे फोटो नाही, त्याचा बॅकअप वेगळा घ्यायचाच.

दोन्ही सिस्टीम असतील तर घड्याळ चुकलेलं दिसेल. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणून दोघांचं जुळत नाही. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची विंडो) टाइमडेटसीटीएल ही कमांड सेट-लोकल-आरटीसी १ अशी दिली की लिनक्स विंडोजप्रमाणे वागतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट अॅड करा, मराठीचा कागप फोनेटिक लेआउट यादीत असतो आणि इन्स्क्रिप्टही मिळतो. रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवायची सवय असेल तर आयबस (टायपिंगची पद्धत बदलणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. देवनागरी वाचायला वेगळं काही करावं लागत नाही.

प्रोग्राम टाकायचे कसे

ही सवय मात्र पूर्ण बदलावी लागते. विंडोजवर आपण साइट शोधतो, सेटअपची फाइल उतरवतो, नेक्स्ट नेक्स्ट करतो. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, इन्स्टॉल. डिस्ट्रोच्या स्वतःच्या साठ्यातून, सहीची तपासणी होऊन प्रोग्राम येतो, आणि पुढे सिस्टीमबरोबर त्याचेही अपडेट एकत्रच येतात. कुठल्या तरी अनोळखी साइटवरून काही उतरवायची वेळ फार क्वचित येते आणि व्हायरसचा धोका कमी असण्याचं मोठं कारण हेच आहे. साठ्यातलं व्हर्जन जुनं वाटलं तर तिथेच फ्लॅटपॅकचा (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेजचा) पर्याय दिसेल, तो घ्या.

टर्मिनलची भीती घालणारे बरेच भेटतील. मिंट वापरायला टर्मिनल रोज लागत नाही हे खरं आहे. पण थोडं शिकलात तर फायदा तुमचाच, कारण मदत करणारा माणूस कमांड देतो, ती सगळ्यांच्या मशीनवर सारखीच चालते, "वरच्या कोपऱ्यातलं तिसरं बटण" असं सांगावं लागत नाही. एकच उदाहरण नीट बघू: सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी. रोमनमध्ये, सगळी स्मॉल अक्षरं, मध्ये स्पेस. सुडो म्हणजे हे काम अॅडमिनच्या अधिकाराने कर. एपीटी हा प्रोग्राम आणणारा आणि काढणारा मॅनेजर. इन्स्टॉल हे काम, आणि व्हीएलसी हे पॅकेजचं नाव. एंटर दाबल्यावर पासवर्ड मागेल आणि टाइप करताना स्क्रीनवर अक्षरं दिसणार नाहीत, कुठे नुसते तारे दिसतात तर कुठे तेही नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते मुद्दाम तसं आहे, बिनधास्त टाइप करा आणि एंटर मारा. मग किती एमबी उतरवणार, किती जागा लागणार ते सांगून विचारेल, वाय दाबा.

"कुड नॉट गेट लॉक" अशी एरर आली तर त्या वेळी मागे अपडेट चालू असतात, दोन जण एकाच वेळी लिहू नयेत म्हणून कुलूप लावलेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबा आणि परत द्या. लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला कुठेतरी मिळेल, तो मानू नका.

आणि एक नियम पक्का: सुडोने सुरू होणारी कमांड समजल्याशिवाय पेस्ट करायची नाही. विशेषतः आरएम आणि त्यापुढे आरएफ दिसलं तर थांबायचं, ती कमांड न विचारता पुसत जाते आणि ते रिसायकल बिनमध्ये जात नाही.

फाइली कुठे आहेत

सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असं इथे नसतं. सगळं एका मुळापासून फुटतं, ते मूळ म्हणजे नुसती तिरकी रेघ. तुमचं सगळं सामान होम फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली, सेटिंगच्या फाइली ईटीसीमध्ये, लावलेला पेनड्राइव्ह मीडियामध्ये. होमच्या बाहेर काही बदलायला पासवर्ड लागतो त्यामुळे चुकून सिस्टीम मोडणं तसं अवघड आहे. फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल वेगळं मोजलं जातं, आर कॅपिटल असलेली रिपोर्ट आणि आर स्मॉल असलेली रिपोर्ट या दोन वेगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात, फाइल सापडत नसेल तर आधी हेच बघा. आणि नावाच्या सुरुवातीला टिंब असेल ती फाइल लपलेली असते, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसते.

विंडोजची पार्टिशनही फाइल मॅनेजरच्या डावीकडे दिसतात, तिथले फोटो, गाणी सरळ उघडता येतात. उलटं होत नाही, विंडोजला लिनक्सचं पार्टिशन आपणहून वाचता येत नाही आणि कधीकधी ते "फॉरमॅट करू का?" असं विचारतं. तेव्हा कॅन्सल.

अडलात तर

आधी एररचा मजकूर जसाच्या तसा शोधा, पुढे डिस्ट्रोचं नाव आणि व्हर्जन लिहून. मिंट उबुंटूवर उभं असल्यामुळे उबुंटूची उत्तरं बहुतेक वेळा चालतात, फक्त उत्तराची तारीख बघा, दहा वर्षांपूर्वीचा उपाय आज उलटा पडू शकतो. कोणाला विचारायचं असेल तर "वायफाय चालत नाही" एवढंच लिहून काही होत नाही, समोरच्याला मशीन दिसत नसतं. मॉडेल कोणतं, व्हर्जन कोणतं, तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. हार्डवेअरची माहिती काढायला टर्मिनलमध्ये इन्क्सी ही कमांड डॅश लावून एफएक्सझेड अशी द्या, त्यात एफ कॅपिटल. झेड असल्यामुळे तुमच्या नेटवर्कचे पत्ते आणि सिरियल नंबर आपोआप गाळले जातात. येईल तो सगळा मजकूर कॉपी करून प्रश्नाखाली चिकटवा, स्क्रीनचा फोटो काढून टाकू नका, मजकूर असला की मदत करणाऱ्याला त्यातली ओळ उचलून शोधता येते.